खिडकीच्या टेबलाबाबत मी उदासीन

सोमवार, १ सप्टेंबर. सकाळी ६.५०

आधी दुरुस्ती. शुक्रवारच्या नोंदीत मी लिहिलं आहे की आमच्या लॅबमधले सगळ्यात जुने काका या महिनाअखेरीला रिटायर होणार हे ऐकून मला विशेष काही वाटलं नाही. चूक. बरोबर असं: मी लॅबच्या बाथरूममध्ये गेले, नळ मोठा सोडला आणि जागच्या जागी उड्या मारल्या. किती, ते मोजलं नाही. साधारण तीस. मग एका भल्या माणसाच्या जाण्याचा आपल्याला आनंद होतोय हे लक्षात येऊन रडले. नळ चालूच होता. पाणी वाया गेलं, तेही लिहायचं राहिलं होतं.

बाबांनी मला दहाव्या वर्षापर्यंत घरीच शिकवलं ते उगाच नाही. चूक पुसायची नाही. तिच्यावर एक सरळ रेघ, शेजारी बरोबर काय ते, खाली तारीख.

आता मुद्दा. आमच्या लॅबमध्ये दात तयार होतात. डॉक्टर माप पाठवतात, आम्ही कॅप करून देतो. मी चार वर्षं दाढा करते आहे. दाढ कितीही सुंदर केली तरी ती बघायला माणसाला जबडा फाडावा लागतो. पुढचे दात फक्त काका करतात, खिडकीच्या टेबलावर बसून, कारण दाताचा खरा रंग दिवसाच्या उजेडातच कळतो. ते टेबल मला हवं आहे.

"आहे" वर रेघ. "होतं." १ सप्टेंबर.

कारण काल आतेभावाने दिलेलं पुस्तक वाचून संपवलं. म्हणजे पान ३८ पर्यंत. पुढे तेच असणार. स्टोइक नावाचे जुने लोक होते. त्यांचं म्हणणं, जे आपल्या हातात नाही त्याबद्दल उदासीन राहावं, की मन शांत. टेबल कोणाला द्यायचं हे लॅबच्या मालकीणबाईंच्या, म्हणजे मॅडमच्या, हातात आहे. म्हणजे मी उदासीन. मिळालं नाही तर दुःख नाही. आणि मिळालंच, समजा, तर अत्यंत शांतपणे खुर्ची पुढे ओढून बसता येईल.

संकल्प: महिनाअखेरपर्यंत संपूर्ण अलिप्तता. रोज नाडी मोजायची. आजची ७४. उत्तम सुरुवात.

मंगळवार, २ सप्टेंबर

पुस्तकात सांगितलंय, सकाळी उठल्यावर दिवसभरात काय काय वाईट घडू शकतं ते आधीच मनात आणावं, म्हणजे धक्का बसत नाही. यादी केली. शेहेचाळीस मुद्दे झाले. "बस चुकणे" नव्हतं त्यात. यादी करता करता बस चुकली.

सत्तेचाळीस.

गुरुवार, ४ सप्टेंबर. दुपारी १.१५

मॅडमनी सगळ्यांना एकेक कागद दिला. वर लिहिलेलं, खिडकीच्या टेबलासाठी: इच्छुक / अनिच्छुक. नको ते खोडा.

माझ्यासमोर दाढांच्या टेबलावर जी बसते तिला सगळे झटपट म्हणतात. मी चार कॅप करते तेवढ्यात ती बारा करते, वर फोनवर बोलते, वर माझी मापंही शोधून देते. तिने "अनिच्छुक" असं गिरवून खोडलं की कागद फाटला. मग म्हणाली, तुझं काय गं, झालं का? मी हाताने झाकून घेतलं.

इच्छुक म्हणजे हाव. अनिच्छुक म्हणजे खोटं. मी दोन्हींवर एकेक सरळ रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: उदासीन. खाली तारीख, सही. अक्षर फार चांगलं आलं.

नाडी ९६. जिना चढल्यामुळे.

दुरुस्ती: लॅब तळमजल्यावर आहे. पण सकाळी घरचा जिना उतरले होते, त्याचा परिणाम राहत असेल.

शुक्रवार, ५ सप्टेंबर. सकाळी ११.४०, बसस्टॉपवर

अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळाली आहे. मी मागितली नव्हती.

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि टिश्यूचा खोका माझ्याकडे सरकवला. म्हणाल्या, घरी सगळं ठीक आहे ना बाळा? मॅडमनी मला चार वर्षांत बाळा म्हटलेलं नाही. मी म्हटलं, ठीक आहे. त्या म्हणाल्या, तुझा कागद वाचला, लिहिलंस ते बरं केलंस, लोक मनात ठेवतात. मग मला उलगडलं. मी समजावून सांगितलं की मॅडम, मी उदासीन आहे, उदास नाही, हे दोन वेगळे शब्द आहेत, उदासीन म्हणजे तटस्थ. मॅडमनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, सुरुवातीला सगळ्यांना असंच वाटतं.

बाहेर आले तर भट्टीवाले दादा, जे कॅप भाजायची भट्टी सांभाळतात आणि सहसा डिग्रीशिवाय दुसरं काही बोलत नाहीत, त्यांनी माझ्या टेबलावर बिस्किटांचा पुडा ठेवला आणि वळून न बघता गेले. झटपट कानाशी येऊन म्हणाली, कोण होता तो? नुसतं नाव सांग, बाकी माझ्यावर सोड.

मी सांगितलं, कोणी नव्हता.

म्हणाली, असेच असतात मेले, कोणीच नसल्यासारखे.

सोमवार, ८ सप्टेंबर

अलिप्त राहणं शत्रूंच्या गराड्यात सोपं असावं. इथे सगळे इतके चांगले वागतायत की साधना करायला वाव नाही. काकांनी मला त्यांचा सगळ्यात बारीक ब्रश दिला, ठेव म्हणाले, मला आता त्याचं टोक दिसत नाही. झटपटने दिवसभर विनोद सांगितले. एका माणसाची कवळी गिटारच्या पेटीत सापडते, असा एक होता. मी इतकी हसले की ओल्या प्लास्टरच्या साच्यावर कोपर टेकलं आणि साच्यात दातांऐवजी माझं कोपर उमटलं. ते पाहून झटपट हसली. तिला बघून दादा हसले. दादांना हसताना बघून काका उठून उभे राहिले.

हसू माझ्या हातात नव्हतं. म्हणून त्याबद्दलही उदासीन.

घरी आले तर आत्याचा फोन. उदास आहेस म्हणे. दादांच्या बायकोचं नि आत्याचं पोहायचं एकच टाइमिंग आहे, ही माहिती आज नव्याने कळली. मी म्हटलं, आत्या, उदासीन. आत्या म्हणाली, म्हणजे उदासपेक्षा जास्त का कमी?

गुरुवार, ११ सप्टेंबर

आईने न विचारता माझ्या खोलीत पिवळे पडदे लावले. पिवळा म्हणे मनाला बरा. मी सांगितलं की मला पडद्याच्या रंगाने काहीही फरक पडत नाही. मग राहू दे की, आई म्हणाली.

पिवळा भयंकर आहे. पण फरक पडत नाही असं सांगून बसले आहे.

शुक्रवार, १२ सप्टेंबर. संध्याकाळी

मॅडमनी चहाच्या वेळी सांगितलं. टेबल तूर्तास झटपटला. महिनाअखेरीला काका जाताना पक्कं होईल. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, तुला सध्या ताण नको.

मी अत्यंत शांत होते. मनावर तरंगसुद्धा उठला नाही. झटपटचं अभिनंदन सगळ्यात आधी मी केलं, तिचा हात धरून, बराच वेळ. शेवटी ती म्हणाली, अगं सोड, बोटं लागतात मला कामाला.

त्यानंतरचा दिवस, केवळ नोंद म्हणून: एक कॅप उजव्या दाढेऐवजी डावीची केली. डॉक्टरांचा फोन घेतला आणि हॅलोऐवजी अभिनंदन म्हटलं. उरलेल्या प्लास्टरचं भांडं सिंकमध्ये ओतून तसंच पुढे गेले. ते तिथेच घट्ट झालं. सिंक आता पांढरं, सपाट आणि काठोकाठ भरलेलं आहे. त्यावर कप ठेवता येतो.

प्लंबरने विचारलं, हे कोणी केलं? मी प्रामाणिकपणे सांगितलं, मी, पण मला त्याचं काही वाटत नाही. तो म्हणाला, मला वाटतंय ना.

नाडी ११८. मशीनमध्ये बिघाड असावा.

दुरुस्ती: मी बोटांनी मोजते.

सोमवार, १५ सप्टेंबर

नवा उपाय, पान ५२. उंचावरून पाहावं, म्हणजे माणसांची धडपड मुंग्यांसारखी दिसते आणि आपलं दुःख एवढंसं होतं. जेवणाच्या सुट्टीत समोरच्या इमारतीच्या गच्चीवर गेले. वॉचमनने विचारलं कशाला? उंचावरून पाहायला, म्हटलं. त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि माझ्याबरोबर वर आला. कठड्यापासून चार पावलं लांब उभी राहा म्हणाला. तिथून फक्त आकाश दिसतं.

मी विनंती केल्यावर दोन पावलं पुढे सोडलं. खरंच, सगळं लहान दिसलं. रिक्षा लहान, माणसं लहान, आमची लॅब लहान, लॅबची खिडकी लहान, खिडकीतलं टेबल लहान आणि त्या टेबलावर पाय वर घेऊन बसलेली झटपट लहान. पण अगदी स्पष्ट. खुर्ची गोल फिरवून बघत होती. अकरा मिनिटं. काकांचा रंगांचा पंखा, म्हणजे नमुन्याच्या दातांची ती जुडी, उघडून स्वतःच्या गालाला लावून बघत होती.

रंग दाताला लावून बघतात. गालाला नाही.

वॉचमन म्हणाला, ताई, बरं वाटलं का? मी म्हटलं, फार.

बुधवार, १७ सप्टेंबर

आनंदाची बातमी! पान ६१. स्टोइक लोकांनी उदासीन गोष्टींचे प्रकार पाडले आहेत. त्यात एक प्रकार पसंतीच्या उदासीन गोष्टींचा. म्हणजे तब्येत वगैरे. त्याबद्दल उदासीन राहायचं, पण असली तर बरी. म्हणजे मी टेबलाबद्दल उदासीन राहून टेबल पसंत करू शकते. हे त्यांनी पान ३८ च्या आधी का सांगितलं नाही?

आनंदात जेवण जास्त झालं. जेवणही पसंतीचंच.

मंगळवार, २३ सप्टेंबर. संध्याकाळी ५.३०

आज जे घडलं ते क्रमाने लिहिते.

शेजारच्या दवाखान्यातून एक पोहायला शिकवणाऱ्या बाई आल्या. उंच, खांदे दाराएवढे. वरचा एक पुढचा दात सूर मारायच्या फळीवर आपटून गेलेला. झटपटने त्यांची कॅप गेल्या आठवड्यात करून दिली होती. सरळ, शुभ्र, गुळगुळीत. डॉक्टरांनी तात्पुरती बसवून पाठवलं होतं. बाई म्हणाल्या, दात छान आहे हो, पण शिट्टी वाजत नाही.

झटपट म्हणाली, कसली शिट्टी? त्यांनी दोन बोटं तोंडात घातली आणि फुंकलं. नुसती हवा. म्हणाल्या, तलावात चाळीस पोरं असतात, तोंडाने आरडाओरडा केला तर कान देत नाहीत, माझी शिट्टी ऐकली की सगळी जागच्या जागी थांबतात. गळ्यातली शिट्टी एकदा पाण्यात पडली होती आणि एक जण खोल बाजूला निघाला होता, तेव्हापासून मी बोटांवरच आहे. हे सांगताना त्या आधीसारख्या मोठ्याने बोलत नव्हत्या.

झटपटने कॅप काढून हातात घेतली, फिरवली, म्हणाली, दाताला काही झालेलं नाही. काकांनी चष्मा कपाळावर घेतला आणि म्हणाले, माझे हात आज ठीक नाहीत, ही बघेल. ही म्हणजे मी.

मी त्यांचा जुना फोटो मागितला. फोनवर होता, हसतानाचा. मोठा करून बघितला. तो दात सरळ नव्हताच. किंचित आत वळलेला, शेजारच्यावर जरासा चढलेला, आणि खालच्या कोपऱ्यात एक टवका. सगळी शिट्टी त्या कोपऱ्यातून जात असणार.

मी खिडकीत बसले. चिनी मातीच्या पावडरचा एकेक थर, त्यात पाणी, ब्रशचं टोक. दुधट पांढरा, वर थोडा पिवळसर, कडेला जवळपास काचेसारखा. दादांनी भट्टी लावली. पहिला वळला नाही पुरेसा. दुसऱ्यात टवका खोल गेला. तिसरा. मधे कोणीतरी माझ्यासमोर चहा ठेवला आणि कोणीतरी तो थंडगार परत नेला. मान वर केली तेव्हा उन्हाची पट्टी टेबलाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेली होती.

डॉक्टरांनी बसवून दिला आणि बाई परत लॅबमध्ये आल्या. दोन बोटं. श्वास.

असली शिट्टी! मॅडम केबिनमधून बाहेर आल्या. दादांच्या हातून चिमटा पडला. रस्त्यावरची एक रिक्षा थांबली. बाईंनी पुन्हा वाजवली. आणि पुन्हा. मग आरशात बघत राहिल्या आणि म्हणाल्या, अगं, ही मीच आहे. आणि मला उचललं. खरोखर, जमिनीवरून.

नाडी मोजायची राहिली. आज पुस्तकही उघडलं नाही. बाथरूममध्ये जाऊन नळ मात्र सोडला नाही. उड्या बिनापाण्याच्या मारल्या.

बुधवार, २४ सप्टेंबर

कालच्या नोंदीत भावनेचा अतिरेक झाला आहे. दात ही एक वस्तू आहे. माती भाजलेली. शिट्टी म्हणजे हवा. आज पूर्ववत दाढा.

आज मी केलेल्या दाढा नीट आहेत. कोणी वाजवणार नाही.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

झटपटने मला स्टोअररूममध्ये ओढलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. म्हणाली, एक सांग, तुला ते टेबल हवंय ना? मी म्हटलं, मी त्याबाबत उदासीन आहे. ती म्हणाली, त्या शब्दाचा आणि माझा आता काही संबंध नाही, हवंय का नको?

मी छताकडे बघितलं. तिथे ट्यूबलाइट आहे.

ती म्हणाली, हे बघ, मलाही हवंय. मी भांडले असते तुझ्याशी, मजा आली असती. पण रडक्या मुलीशी कसं भांडायचं? मला आयतं ताटात वाढल्यासारखं झालंय आणि गिळत नाहीये. वर परवा ती शिट्टी. तिथे बसून मी करणार काय, पियानोच्या पट्ट्या? तू बोल मॅडमशी, मग मीही बोलते, आणि मग बघू कोण जिंकतं ते. पण तू बोललीच नाहीस तर मी उठणार नाही हं, सांगून ठेवते. मी काही संत नाही.

काका बाहेरच उभे होते. प्लास्टरची गोणी शोधत असल्याचं दाखवत होते, गोणी त्यांच्या पायाशी होती. म्हणाले, मॅडमना कागदावरचं कळत नाही, तोंडाने सांग. महिनाअखेरीपर्यंत सांग, त्यानंतर त्यांनी एकदा पत्र काढलं की त्या मागे घेत नाहीत, मी तीस वर्षं बघतोय.

नाडी: मोजणार नाही.

रविवार, २८ सप्टेंबर. सकाळी १०

बाबांकडे तक्रार घेऊन गेले. म्हटलं, तुम्ही शिकवलेला शब्द मी बरोबर वापरला आणि सगळं जग चुकलं, आता माझं टेबल गेलं. माझं म्हणाले मी, चुकून.

बाबांनी जाडा शब्दकोश काढला. उदासीन. तटस्थ, बेपर्वा, ज्याला एखाद्या गोष्टीचं सुखदुःख नाही असा. म्हणाले, शब्द अगदी बरोबर आहे. मी म्हटलं, बघा! त्यांनी कोश मिटला आणि विचारलं, मग तुला त्या टेबलाचं सुखदुःख नाही?

मी म्हटलं, नाही.

म्हणाले, तू आत्ता माझ्या चष्म्याची काडी मोडलीस.

मोडली होती. हातातच होती.

मग बराच वेळ दोघं काडी जुळवत बसलो. बाबा म्हणाले, मी तुला चुकीचा शब्द कसा दुरुस्त करायचा ते शिकवलं. बरोबर असून खोटा शब्द कसा दुरुस्त करायचा ते शिकवायचं राहिलं. त्याला रेघ चालत नाही, जाऊन सांगावं लागतं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, आणि ते पडदे तिला आवडलेले नाहीत, हेही तिला एकदाचं म्हणू द्या.

पडदे काढले. मी आणि आई दोघींनी मिळून. आईलाही आवडले नव्हते. तीही माझ्यासाठी गप्प होती.

सोमवार, २९ सप्टेंबर. संध्याकाळी ६

मला ते टेबल हवं आहे.

रेघ मारणार नाही. हवं आहे, हवं आहे, चार वर्षं हवं आहे. मिळालं नाही तर मी रडेन, दार लावून, आणि झटपटशी आठवडाभर बोलणार नाही, मग बोलेन. पुस्तक आतेभावाला परत. त्यातला दोष नाही, मी पान ६१ च्या पुढे गेले नाही.

वाक्य तयार आहे. मॅडम, मला खिडकीचं टेबल हवंय. पाच शब्द. आरशासमोर अठरा वेळा म्हणून पाहिलं. नवव्या वेळेला "मॅडम" ऐवजी "टेबल, मला खिडकीच्या मॅडम" झालं, पण त्यानंतर नाही. गडबडीचं काम नको. उद्या दिवसभर सराव, वाटल्यास भट्टीसमोर दादांना म्हणून दाखवेन, ते मधे बोलत नाहीत. परवा सकाळी साडेदहाला, मॅडमचा पहिला चहा झाल्यावर, दार वाजवून आत. काका म्हणाले महिनाअखेरीपर्यंत, तर बरोबर महिनाअखेर. बुधवार, ३१ सप्टेंबर.

दुरुस्ती: सप्टेंबरला ३१ नसते. मंगळवार, ३० सप्टेंबर. म्हणजे उद्या.